किशोरवयीन मुले, आईवडील आणि वैभववाडीचे वर्ष

दहा ते एकोणीस वर्षे हा किशोरवयाचा काळ, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. भारत सरकारने 2014 साली सुरू केलेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही हीच वयोमर्यादा धरतो. या काळात मूल घरापासून थोडे थोडे दूर सरकते आणि ते स्वाभाविकच आहे. अमेरिकेत रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातील मुलांचा अनेक वर्षे अभ्यास करून 1996 साली निष्कर्ष मांडले. जागेपणीच्या वेळातला कुटुंबासोबतचा वाटा पाचवीत 35 टक्के होता, तो बारावीपर्यंत 14 टक्क्यांवर आला होता. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि आईवडिलांच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. एकट्या आईसोबत किंवा एकट्या वडिलांसोबत जाणारा वेळ फारसा घटला नव्हता. सगळ्या घराने एकत्र बसणे कमी झाले, पण दोघांचे काहीतरी चालू राहिले. लार्सन यांनी सुमन वर्मा यांच्याबरोबर चंदीगडच्या आठवीतल्या मुलांचाही असाच अभ्यास केला. ही मुले अमेरिकन मुलांपेक्षा बराच जास्त वेळ घरच्यांसोबत घालवत होती आणि बहुतेकांना तो वेळ आवडतही होता.

म्हणजे आपल्याकडे मुळात वेळ आहे. त्या वेळात करायचे काय, हा प्रश्न उरतो. सात-आठ वर्षांचे मूल आईवडील नेतील तिकडे आनंदाने जाते. चौदा वर्षांची मुलगी मात्र आधी विचारते, ‘कशाला?’ या वयात बेत ठरवताना स्वतःचे मत लागते, हाती खरे काम लागते आणि सतत कुणी निरखत बसलेले नको असते. समोरासमोर बसवून ‘बोल, काय चाललंय तुझं?’ असे विचारले की उत्तर ‘काही नाही’ असेच येते. तेच मूल बाजूला बसून खोबरे किसताना किंवा बापाच्या मागे गाडीवर बसून घाट चढताना आपणहून बोलू लागते. दोघांचे डोळे आणि हात तिसऱ्या गोष्टीत गुंतलेले असले की बोलण्याचे ओझे वाटत नाही. मुलांसोबतची करमणूक निवडताना हे एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ.

वैभववाडी हा सिंधुदुर्गातला सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. त्याला समुद्रकिनारा नाही. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट इथून वर गगनबावड्याला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात चढतात. कोकण रेल्वेचे स्थानक आहे, भातशेती आहे, काजूच्या बागा आहेत, वाड्यावाड्यांत भजनी मंडळे आहेत. मॉल किंवा करमणुकीचे उद्यान नाही, आणि मुले नेमके यावरूनच कुरकुरतात. शिवाय अनेक घरांत वडील नोकरीसाठी मुंबईत असतात. त्यांची आणि मुलांची भेट गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन मुक्कामांत एकवटलेली असते. म्हणून इथल्या कुटुंबांसाठी करमणुकीचे वेळापत्रक आठवड्यापेक्षा वर्षाच्या चक्राने आखलेले बरे.

या चक्राची सुरुवात पावसाने होते. जूनच्या पहिल्या सरींनंतर ओढ्यांत चढणीचे मासे दिसू लागतात आणि रात्री विजेरी घेऊन कुर्ल्या पकडायला माणसे बाहेर पडतात. मुलांना या रात्रीचे विलक्षण आकर्षण असते आणि अनुभवी माणसासोबत जाण्यासारखा दुसरा आनंद नाही. दगड कसा उचलायचा, कुर्लीचे नांगे चुकवून तिला मागून कशी धरायची, हे बघूनच शिकावे लागते. दोन गोष्टी मात्र मोठ्यांनी सांभाळायच्या. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत, कारण फुरसे हा विषारी साप या भागात सर्रास आढळतो. आणि पाणी चढत असेल त्या रात्री ओढ्यात उतरायचे नाही. डोंगरावर पडलेला पाऊस खाली ओढ्यात पोहोचायला वेळ लागत नाही. चढणीच्या माशांबद्दलही घरात बोलणे व्हावे. हे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जात असतात. त्या वेळी ते सरसकट मारले तर पुढच्या वर्षी ओढ्यात मासे कमी होतात. किती धरायचे आणि किती सोडायचे हे मुलालाच ठरवू द्यावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना असा प्रश्न मनापासून भिडतो.

मग लावणी येते. शेतीकामाला करमणूक म्हणणे काहींना पटणार नाही आणि कष्ट म्हणून लादले तर ती करमणूक राहतही नाही. पण एखादा रविवार सगळ्या घराने चिखलात उतरावे, तरव्याच्या मुठी फेकाव्यात, कोणाची ओळ सरळ लागते याची पैज लावावी आणि बांधावर बसून चटणी-भाकरी खावी, यातली मजा मुंबईहून आलेल्या चुलतभावंडांनाही कळते. इथेही काळजी आहेच. लेप्टोस्पायरोसिस हा आजार सिंधुदुर्गात पावसाळ्यात आढळतो आणि त्याचे जंतू दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतात. पायाला चीर किंवा जखम असेल त्या मुलाने चिखलात उतरू नये. शेतात गेल्यानंतर ताप आला तर तो अंगावर न काढता आरोग्य केंद्रात दाखवावे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरही मुलांसाठी खुले करावे. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, फागले या रानभाज्या ओळखणे ही खरीखुरी विद्या आहे आणि ती आजीकडून नातवंडाकडे जाण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे. आजीने भाजी दाखवायची, मुलाने पानाचे, फुलाचे आणि देठाचे फोटो काढायचे, आईने शिजवायची रीत सांगायची, असे दोन पावसाळे केले तर घराची स्वतःची सचित्र वही तयार होते. अळंब्यांच्या बाबतीत मात्र प्रयोग नको. विषारी आणि खाण्याजोगी अळंबी पुष्कळदा इतकी सारखी दिसतात की जाणत्या माणसाने पारखल्याशिवाय ती घरात आणू नयेत.

शिरवाळे हा पदार्थ तर जणू दोघांनी मिळून करण्यासाठीच जन्मला आहे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे उंडे करून उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. उंडा थंड झाला की शेवया पडत नाहीत, म्हणून एकाने साचा भरायचा आणि दुसऱ्याने सगळी ताकद लावून दांडा दाबायचा. सोळा वर्षांच्या मुलाच्या दंडातली नवी ताकद इथे खरोखरच कामी येते आणि ती कामी आली याचा त्याला आनंद होतो. सोबतच्या गूळ-नारळाच्या रसाची गोडी किती ठेवायची हे ज्याने दांडा दाबला त्याने ठरवावे. घावणे, आंबोळ्या, खापरोळ्या याही मुलांना सहज जमतात. मुलगा असो वा मुलगी, चुलीशी दोघांनाही सारखेच स्थान हवे. स्वयंपाक हा फक्त मुलीचा ‘उपक्रम’ झाला की तिच्यासाठी ते निव्वळ काम होते आणि मुलगा एका आनंदाला मुकतो.

चवथ हा वर्षाचा कळस. गणपतीच्या मूर्तीवर बांधल्या जाणाऱ्या माटवीसाठी आदल्या दिवशी रानातून फळे-फुले आणायची असतात. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवसे घरचे किंवा शेजारचे मिळतात. कवंडळ, शेरवड, तेरडा, हरणाची फुले, कळलावी यांसाठी मात्र डोंगर धुंडाळावा लागतो. मुंबईहून आलेल्या वडिलांना जुन्या जागा आठवत असतात, तर गावात वाढलेल्या मुलाला यंदा काय कुठे फुलले आहे हे ठाऊक असते. इथे वाट मुलाने दाखवावी आणि वडिलांनी मागून चालावे. कवंडळ आणि कळलावी दिसायला देखण्या असल्या तरी विषारी आहेत. कळलावीच्या कंदात तर जिवावर बेतणारे विष असते. लहान भावंडांना हे सांगण्याचे काम थोरल्याकडे सोपवावे. माटवी बांधताना कोणती वस्तू कुठे टांगायची हेही त्यालाच ठरवू द्यावे. वाकडी बांधली तरी चालेल. दर वर्षी तीच वाकडी माटवी नीट होत गेलेली पाहणे, यातच आईबापांचा आनंद आहे.

आरत्या आणि भजनांचेही तसेच. गणपतीतल्या रात्री वाडीतले भजन घरोघर फिरते. मृदंग, पेटी, झांज यांतले काहीतरी शिकायचे असेल तर वैभववाडीतल्या मुलाला त्यासाठी क्लास शोधावा लागत नाही. वाडीतले बुवाच गुरू असतात. आई किंवा वडील स्वतः शिकाऊ म्हणून मुलाच्या शेजारी बसले तर फार चांगले. एरवी प्रत्येक गोष्टीत मोठ्यांना सगळे येत असते. झांजेचा ठेका चुकणारा बाप पाहिला की मुलाला त्याच्यासोबत बरोबरीने हसता येते.

भात घरात आले की जत्रा सुरू होतात आणि जत्रांबरोबर दशावतार येतो. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक पुराणातले, प्रसंगांचा क्रम ठरलेला, पण संवाद नट रंगमंचावर स्वतः रचतात. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदसर होतो आणि त्यानंतर मुख्य आख्यान. राजाचे सिंहासन म्हणजे एक बाकडे असते आणि स्त्रीपात्रे पुरुषच करतात. खेळ पुष्कळदा पहाटेपर्यंत चालतो. किशोरवयात झोपेचे घड्याळ आपोआप उशिरा सरकते. मेंदूतून झोप आणणारे मेलाटोनिन मुलांमध्ये रात्री उशिरा स्रवू लागते, म्हणून ही मुले रात्री टवटवीत आणि सकाळी सुस्त असतात. वर्षभर यावरून होणारी भांडणे जत्रेच्या रात्री थांबवता येतात. कांबळे अंथरून, शेंगदाणे खात, रात्रभर एकत्र नाटक पाहावे. दुसऱ्या दिवशी मात्र झोप भरून काढू द्यावी, कारण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते.

नाटक पाहून झाल्यावर घरातल्या घरात त्याचाच खेळ करता येतो. पुराणातला एखादा प्रसंग घ्यायचा, पात्रे वाटायची आणि संवाद जागच्या जागी रचायचे. मुलाने रावण व्हावे आणि वडिलांनी बिभीषण, मग कोण कोणाला काय सुनावतो ते पाहावे. मुलांना मनातले बरेच काही पात्राच्या तोंडून बोलता येते. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक 1980 पासून मच्छिंद्र कांबळी यांच्यामुळे मराठी घराघरांत पोहोचले. त्याचे घरी मिळून वाचन केले तर मालवणी बोलीचा ठसकाही जिभेवर येतो. गावातल्या शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आपली बोली रंगमंचावर गाजली हे कळायला हवे.

हिवाळा प्रवासाचा. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि वैभववाडीच्या माणसाला कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी या गावांना सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे शक्य झाले. सहलीचा सगळा बेत मुलावर सोपवावा. गाडी कोणती, तिकीट किती, स्थानकावरून पुढे कसे जायचे, जेवायचे कुठे, हे त्याने वहीत मांडावे आणि ठरावीक पैसे त्याच्या हातात द्यावेत. सावंतवाडी रोड स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर आहे हे त्याच्या लक्षात आले नसेल, तर ते तिथे उतरल्यावर कळू द्यावे. रिक्षाच्या खर्चाने हिशेब कोलमडला तर तो सावरायलाही त्यालाच लावावे. आईवडिलांनी या दिवशी प्रवासी व्हायचे, मार्गदर्शक नाही. हे सर्वांत कठीण आहे, पण मुलांना या सहली वर्षानुवर्षे लक्षात राहतात.

कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या कलांगणात जुन्या चित्रपोथ्या आणि बाहुल्या पाहायला मिळतात. घरी आल्यावर एक पांढरे कापड, एक दिवा आणि जाड पुठ्ठ्याच्या आकृत्या एवढ्यावर छायाबाहुल्यांचा खेळ करता येतो.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा आहेत. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण 120 पत्ते असतात. मावळू लागलेली ही कला शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. खेळ तिघांचा असतो आणि प्रत्येकाला चाळीस पत्ते मिळतात, म्हणजे आई, वडील आणि एक मूल यांना अगदी नेमका. दिवसा खेळताना राम आणि रात्री कृष्ण ज्याच्याकडे, तो सुरुवात करतो. पाच रंगांत दहाचा पत्ता मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात आणि या कामी तरुण स्मरणशक्ती मोठ्यांना सहज हरवते. हाताने रंगवलेला जोड महाग असतो. पण सुट्टीत पुठ्ठ्याचे 120 गोल कापून, प्रत्येक अवताराची खूण ठरवून, सगळ्या घराने मिळून आपला गंजिफा रंगवणे हा पत्ते खेळण्याइतकाच छान उद्योग आहे. तो चांगला महिनाभर पुरतो.

तिसरी सहल विजयदुर्गाची, आणि इथे शोधाचा आनंद आहे. देवगड तालुक्यातला हा जलदुर्ग 1653 साली शिवाजी महाराजांनी घेतला आणि 1756 साली तुळाजी आंग्रे यांच्याकडून तो इंग्रज व पेशव्यांच्या मोहिमेत गेला. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. मुलाने ही गोष्ट तपासून पाहावी. त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून केले होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या प्रकाशातली, पुढे हेलियमची ठरलेली अनोळखी पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. पृथ्वीवर हेलियम 1895 साली विल्यम रॅमझी यांना सापडला. मग लॉकियर विजयदुर्गला आलेच नाहीत का? आले. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांची मोहीम विजयदुर्गलाच उतरली होती आणि तिचे वृत्तान्त छापलेले आहेत. दोन ग्रहणांच्या दोन गोष्टी लोकस्मृतीत एक झाल्या. किल्ल्याचा मान यामुळे मुळीच कमी होत नाही. उलट, कट्ट्यावर उभे राहून कोणती गोष्ट खरी आणि ती कशावरून, हा वाद बाप-लेकीने घालावा. मोबाइलचा असा उपयोग झाला तर त्याच्यावरून होणारी भांडणेही कमी होतात.

निसर्गाच्या नोंदी हाही मोबाइलला कामाला लावण्याचा एक मार्ग. आवाजावरून पक्षी ओळखणारी आणि फोटोवरून वनस्पती सुचवणारी मोफत ॲप्स आहेत. ई-बर्डसारख्या मंचावर मुलाने नोंदवलेला धनेश जगभरच्या अभ्यासकांना दिसतो. दर फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या परसातल्या पक्षिगणनेत अंगणात बसून, रोज पंधरा मिनिटे मोजूनही भाग घेता येतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यात या नोंदींना खरे मोल आहे, कारण शहरांच्या मानाने इथून त्या कमी येतात. डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. वैभववाडीच्या आकाशात दिव्यांचा उजेड कमी असल्याने चंद्र नसलेल्या वर्षी तो खळ्यात पडूनही दिसतो. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, काजवे असतात. नापणे धबधबा तालुक्यातच आहे आणि बारमाही आहे. 2025 साली तिथे काचेचा पूलही झाला. पण ऐन पावसात कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाणे घातकच. मित्र बघत असले की या वयाची मुले जास्त धोका पत्करतात, हे लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. म्हणून मित्रांच्या टोळीबरोबर धबधब्यावर जाण्याआधी एकदा घरच्यांबरोबर जाऊन धोक्याच्या जागा पाहून घेतलेल्या बऱ्या.

मे महिना काजूचा आणि रातांब्यांचा. बिया वेचणे, वाळवणे, भाव विचारणे, विकणे हे सगळे मुलाच्या नावाने एका झाडापुरते करून द्यावे आणि आलेले पैसे त्याचे. रातांब्याची साले पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवत सोले करणे हे कंटाळवाणे काम गप्पांसाठी उत्तम. याच दिवसांत आजीआजोबांच्या आठवणी मोबाइलवर नोंदवता येतात. घाटरस्ता पूर्वी कसा होता, रेल्वेआधी मुंबईला कसे जात, वाडीला हे नाव कशामुळे पडले, असे प्रश्न मुलाने काढावेत आणि आईवडिलांनी फक्त ऐकावे. जे वडील मुंबईत असतात त्यांनी आपल्या खोलीतल्या दिवसांचे, पहिल्या नोकरीचे बोलणे फोनवर नोंदवून पाठवावे. मुलांना बापाचे ते आयुष्य माहीतच नसते.

दहावीचे वर्ष वेगळे. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ 2012 पासून वर्षानुवर्षे राज्यात पहिले येत आले आहे आणि त्या अभिमानाचे ओझे मुलांच्याच पाठीवर असते. त्या वर्षी मोठ्या सहली आणि जत्रेच्या रात्री कमी कराव्यात, पण सगळे बंद करू नये. पाच ते सतरा वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी किमान साठ मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि परीक्षेच्या वर्षाला त्यातून सूट नाही. संध्याकाळी आईबरोबर वाडीच्या टोकापर्यंत भराभर फेरी, वडील आले असतील तर मळ्यात तासभर क्रिकेट, एवढे रोज जमते. त्या तासात अभ्यासाचा विषय मोठ्यांनी काढायचा नाही, हे आधीच ठरवून ठेवावे. मुलाने आपणहून काढला तर तेवढाच ऐकावा.